ऐकणाऱ्यात बदल

लर्विकच्या टेकडीवर, जिथे औषधालाही झाड नाही,
मेंढ्यांनी अंग घासून गुळगुळीत केलेल्या कुंपणात
आमचा खांब उभा आहे,
डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखा.
इथे वर्षातून चार-पाच दिवस गडगडतं,
तेही उपकार केल्यासारखं.
म्हणून तर इथे ठेवलाय.
ज्याच्या घरात भांडण नाही
त्यालाच लांबचं नीट ऐकू येतं.

काँगोत पडते,
बिस्केच्या उपसागरावर कुणी बघत नसताना पडते,
आणि इथे एक रेघ शहारते.
एकट्या खांबाला एवढंच समजतं
की काहीतरी झालं.
कुठे झालं, त्यासाठी आणखी तिघं लागतात.
कुणाला किती उशिरा कळलं
त्या उशिरांची वजाबाकी
म्हणजे विजेचा पत्ता.

माझ्याआधी हे काम थॉमसिना इसबिस्टरकडे होतं.
सत्त्याऐंशी सालापासूनच्या तिच्या वह्या, कडेला पेन्सिलीने:
'केबल बदलली. मागल्या वर्षाशी तुलना करू नये.'
'नवा ॲम्प्लिफायर. तुलना करू नये.'
'पातेल्याखाली स्टार्लिंगचं घरटं. अंडी चार.
पिल्लं उडेपर्यंत दुरुस्ती नाही.'
पहिल्याच हिवाळ्यात मी खाली लिहिलं, मराठीत:
'वीज गेली, म्हणून वीज मोजली नाही.'
इथे हे कुणाला समजावून सांगू?
त्यांच्याकडे दोघींना वेगळी नावं आहेत.

ऑफिसातून फोन येतो:
पस्तीस वर्षांत विजा वाढल्या का, हो की नाही सांगा.
आलेख चढतो, हे खरं.
पण चढलं ते आभाळ, की आपला कान?
वह्या नसत्या
तर मी बेलाशक हो म्हणाले असते.

रविवारी तिच्याकडे गेले. कानाचं यंत्र खणात,
सुईदोऱ्याच्या डबीशेजारी.
'हल्ली गडगडाटात दम राहिला नाही,' म्हणाली.
मी छोटा स्पीकर नेला होता, खांबाकडून थेट येणारा.
लाह्या फुटतात तसा आवाज: थोड्या, मग एकदम पसाभर.
तिने कानाला नाही लावला.
तर्जनी ठेवली त्याच्या पडद्यावर
आणि डोळे मिटून मोजत राहिली,
सदतीसपर्यंत.
मग किटली उकळली, टेबल हादरलं,
मोजणी चुकली.

'लिहून ठेव,' म्हणाली,
'ऐकणाऱ्यात बदल. तुलना करू नये.'
आणि चहा ओतता ओतता:
'यंदा आला का तो पक्षी?'
आला, म्हटलं.
मोठ्याने. दोनदा.