रकाना नऊ

उम्म अल कुवेनच्या जुन्या बंदरापाशी,
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं टायपिंग सेंटर.
बावीस वर्षं मी लोकांची आयुष्यं रकान्यांत बसवतो:
व्हिसा, रद्द व्हिसा, मयताचा दाखला,
हरवलेला पासपोर्ट, सापडलेला पुतण्या.
अर्जाचे पंधरा दिरहम. चूक माझी असेल तर फुकट.

काल दुपारी, एसी नुसताच घरघरत असताना
सबीहा होडेकर आली. दाऊदची मुलगी.
गरगूर विणणारा दाऊद, आमच्या दाभोळचा,
तारेचे घुमट रचतो; मासा आत गेला की गेलाच.
म्हणाली, काका, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे.
समुद्र राखायला शिकवतात.
मी म्हटलं, समुद्र काय कुणाच्या बापाचा, राखायला?
ती हसली नाही.
तेच तर, म्हणाली.

आधी तिनं भलतीकडेच लिहिलं होतं.
पार उत्तरेला, बर्फातल्या इनुइट मुलांसाठी होती ती शिष्यवृत्ती.
तिथल्या सिआसी नावाच्या बाईंचं उत्तर आलं:
ही आमच्या लेकरांची, तुला देता येणार नाही.
पण आमच्याकडे बर्फाचं काही कळेनासं झालं
की आधी म्हाताऱ्या शिकाऱ्यांना विचारतात,
मग वही उघडतात.
तुमच्याकडे खाऱ्या पाण्याचं कुणाला विचारतात?
खाली दुसऱ्या एका अर्जाचा पत्ता.
ते पत्र तिनं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय,
रेशनकार्डासारखं.

रकाना चार: कायमचा पत्ता.
इथे माझी बोटं नेहमीच अडखळतात.
दाभोळ तिनं दोनदा पाहिलंय, दोन्हीदा तापानं फणफणली.
तिवरांमागची खाडी लिहा, म्हणाली.
संगणक घेईना. पोस्टबॉक्स मागत राहिला.

रकाना सात: समाज.
दर्यावर्दी, ती म्हणाली.
यादीत नव्हतं.
'इतर'वर टिचकी मारली मी, आणि उगाच चष्मा पुसला.

रकाना नऊ: नेतृत्वाचा एक प्रसंग, दोनशे शब्दांत.
कधी पुढारीपण केलंयस?
नाही.
मग जरा थांबून:
अब्बांना एक तार सोडायला लावली.

ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो.
वाऱ्यात दोर तुटतो, गरगूर तळाशी हरवतो.
पण त्याला कुठे ठाऊक, आपण हरवलोय?
तो धरतच राहतो.
आत मेलेला हमूर पुढच्याचं आमिष होतो,
पुढचा त्याच्या पुढच्याचं,
वर्षानुवर्षं, कुणाच्याच ताटात न येता.
म्हणून ती म्हणाली, अब्बा, दार तारेनं नका आवळू,
सुती दोऱ्यानं बांधा.
दोरा कुजेल. दार आपलं आपण उघडेल.

दाऊद तीन दिवस बोलला नाही.
टिकतो म्हणूनच तर खपला त्याचा माल, सारा जन्म.
चौथ्या दिवशी दोऱ्याची गुंडी घेऊन आला. पांढरी.
आता बंदरावर अकरा नाखवे तसलेच गरगूर मागतात.
दोघे हसतात.
एक शिव्या देतो, आणि तरी नेतो.

हे पुढारीपणात धरतील का, काका?

शब्द भरले दोनशे एकतीस.
मी माझे छाटले, तिचे राहू दिले.
शिव्यासुद्धा.

'पाठवा'वर बोट तिनंच ठेवलं.
पंधरा दिरहम मोजू लागली, मी म्हटलं राहू दे,
चूक माझी झालीय.
कुठली? तिनं विचारलं.
प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो काढत बसलो.

ती गेल्यावर माझीच फाईल उघडली.
रहिवासाचा परवाना मार्चमध्ये संपतोय.
दर खेपेला मीच टाइप करतो तो,
रात्री, शटर अर्धं ओढून,
एकही चूक न करता.