नमुना सही

कचराळी तलावाच्या कठड्याशी, सव्वासहाला,
गुप्तेबाई शिकवतात :
मान मागे टाका, हनुवटी वर,
आणि आभाळाचा मुका घ्या. दहा मोजा.
चाळीस वर्षांच्या संसारात
उघड्यावर कुणाचा मुका घेतला नाही,
आता रोज दहा, तेही वॉचमनसमोर.
मग गाल आत ओढून मासा.
मग जीभ बाहेर, पार हनुवटीपर्यंत,
कालीमाता, पण पायात स्पोर्ट शूज.

घोडबंदर रोडच्या डॉक्टरने
गळ्याच्या दोन घड्यांचा आकडा
बोलून नाही, कागदावर लिहून दाखवला होता.
तेवढ्यात आम्ही चरईत पहिली खोली घेतली होती.

भुवयांमधल्या दोन रेघा मात्र हलत नाहीत.
त्या पतपेढीतल्या.
एकतीस वर्षं भिंगाखाली सह्या जुळवल्या
आणि म्हाताऱ्यांचे फॉर्म परत केले :
जुळत नाही, पुन्हा करा.
देवरुखकर पुन्हा करायचे. पेन घट्ट,
जिभेचं टोक दातांत,
शेवटची शेपटी तशीच वळावी म्हणून श्वास धरून.
चौथ्यांदाही जुळली नाही तेव्हा म्हणाले,
हात माझाच आहे हो, बाई.

घरी बेसिनच्या आरशाला
सत्त्याऐंशी सालचं ओळखपत्र टेकवून ठेवलंय.
आधी ते बघते, मग वर.
जीभ बाहेर काढते.
सात. आठ.
दाराबाहेरून हे विचारतात, झालं का?
जीभ बाहेर आहे, सांगू कशी.
नऊ.