उशाशी

भिंतीवर तेलाचे दोन डाग होते.
आमचे नव्हेत, आधीच्या भाडेकरूंचे.
एक जरा वर, एक जरा खाली.
टेकून बसत असणार दोघं रात्री, बोलत,
किंवा नुसतीच टीव्हीकडे बघत.
आमचा डाग अजून पडायचा होता.
जयवंत चाकणहून सकाळी सातला येतो,
मी पावणेआठला धायरी फाट्यावर बस पकडते.
गादीची एक बाजू कायम कोमट.

नाना पेठेत यासीनभाईंनी टेप न लावताच सांगितलं,
साडेनऊ हजार.
म्हटलं, अहो, पलंगच चार हजारांचा आहे.
ते हसले. मग दुकानामागच्या ढिगातून
फोमचे तुकडे काढून दिले किलोवर
आणि वर फुकटचा सल्ला:
कापड आधी मधे ठोकायचं ताई, मग कडेला,
कोपरा सगळ्यात शेवटी.
कोपऱ्यात घाई केली की तोंड वाकडं.

कापड रविवार पेठेतलं, पडद्याचा कटपीस,
मोरपंखी, एका टोकाला उन्हानं विटलेला.
विटलेलं टोक गादीआड जाईल असा हिशेब.

अडलं फळीपाशी.
प्लायचा भाव ऐकून टिंबर मार्केटमधून मी
लाकडाचा वास तेवढा घेऊन आले.
आणि घरी माळ्यावर त्याचा कॅरम,
कंपनीच्या स्पर्धेत दुसरा आला होता तेव्हाचा.
टाकी गळून फुगलेला. सोंगटी निघते सरळ
आणि मधेच कुणाचं न ऐकता वळते.
भिंतीला उभा करून पाहिला:
बरोब्बर अर्ध्या पलंगाएवढा.

विचारलं. तो अर्धवट झोपेत होता.
म्हणाला, कर.
मग कूस बदलून,
भोकं बुजवू नकोस पण.

दुसरा कॅरम जुन्या बाजारात, दीडशेला, जाळ्या नसलेला.
दोघांना पाठीमागून दोन पट्ट्या मारल्या, आठ स्क्रू,
त्यातला एक अजून तिरका आहे.

पाठीला लावायला कापड उरलं नाही.
पार्किंगमध्ये वाऱ्यानं एक फ्लेक्स येऊन पडला होता,
कुणा भाऊंचं अभीष्टचिंतन, गॉगलसकट.
स्टेपल गन तो फ्लेक्स लावणाऱ्या पोरानंच दिली,
संध्याकाळपर्यंत, पिना माझ्या.
म्हणून भाऊ आता भिंतीकडे तोंड करून आहेत,
तेलाच्या दोन डागांना हात जोडून.

डावा कोपरा फसलाच.
कळ्या पडल्या कापडाला, उकडीच्या मोदकासारख्या.
मी उसवलं, परत ठोकलं, परत कळ्या.
शेवटी तिथं उशी ठेवायची असं ठरवलं.

बटणं मात्र विकतची नाहीत.
सोंगट्यांना गिरमिटानं दोन दोन भोकं पाडली,
कापडात गुंडाळल्या,
चपला शिवायच्या दोऱ्यानं आरपार ओढून बांधल्या.
पाच, चार, पाच.
अंगठ्याला फोड आला, तो फुटला,
आणि खालच्या ओळीतलं एक बटण जरा गडद दिसतं
ते त्यामुळे.

सोळाशे चाळीस रुपये. रिक्षा धरली नाही.

रविवारी त्याला सुट्टी, मला सुट्टी.
तो टेकला. काही बोलला नाही.
हात पाठीमागे फिरवत राहिला फोमवरून
आणि एका जागी बोट आत बुडालं.
इथं पॉकेट आहे, म्हणाला,
घरात एखादी विसरलेली खोली सापडावी तसा.

मग उठून सोंगट्यांचा डबा आणला.
ओतून मोजल्या. पाच उरल्या होत्या,
तीन काळ्या, दोन पांढऱ्या.
राणी?
मी चहाचा कप तोंडाला लावला.

तो चौदाच्या चौदा बटणं चाचपत बसला,
डोळे मिटून,
बोटाला लाल कळत असल्यासारखा.
तिसऱ्या ओळीत माझ्या डोक्यामागे थांबला.
ही?
म्हटलं, कव्हर मिळालंय तिला, एवढंच सांगते.
पुढचं बटण बघ.