बारा ते तीन

शेन्शोला मागून हाक मारायची नाही,
हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.
ते शिकले मी उतारावर,
हातात गरम डबा,
आणि समोर तोशोचं पिवळं रान.

तोशो म्हणजे वरून फूल, आतून नुसता काटा.
उन्हाळ्यात त्याला एक ठिणगी पुरते,
मग डोंगर खाली उतरून घरात शिरतो.
म्हणून ओरेन्सेच्या या बाजूला
जून लागायच्या आत
ज्याने त्याने आपल्या भिंतीभोवतीचं रान काढायचं.
पूर्वी विळा होता. गप्पा मारत काम व्हायचं.
ब्रशकटर कुणाचं ऐकत नाही,
ऐकूही देत नाही.

कानांवर टोपणं, तोंडावर जाळी,
खांद्यावरून पट्टा, पट्ट्याला लाल खटका :
ओढला की यंत्र अंगावेगळं झालं पाहिजे.
शेन्शो रोज सकाळी दोनदा ओढून बघायचा
आणि मग क्रूस करायचा.
आधी खटका, मग देव.
मी विणलेला मफलर काढून खुंटीला लावायचा.
मला राग यायचा.
पात्याला काय, लोकर आणि वेल सारखीच.

यंत्राआधी उतार पायांनी वाचायचा.
दगड वेचायचे. बाटल्यांचे बूड.
सासऱ्यांच्या द्राक्षमळ्याची गंजकी तार,
मेलेल्या वेलींनी अजून धरून ठेवलेली.
निघाली तर काढायची,
नाही निघाली तर चिंधी बांधायची, लाल.

बालबिनोने पात्यावरचं कवच काढलं होतं.
दोरी लांब सुटते म्हणे, काम उरकतं.
दगड उडाला तो कुणालाच दिसला नाही.
दिसली ती खालच्या रस्त्यावरची पाववाल्याची गाडी,
काच नसलेली,
आणि आत पाववाला, चाक घट्ट धरून,
मांडीवर चुरा, जिवंत.
काचेचे पैसे बालबिनोने भरले. कवचही बसवलं.
पण पाववाला आमच्या वळणावर
आजही नुसता हॉर्न वाजवतो, थांबत नाही.

तबकडीचं घड्याळ मला शेन्शोने जेवताना शिकवलं,
ताटात चमचा फिरवून :
इथे बारा. इथे तीन.
एवढ्या पावभागाने खोडाला शिवायचं नाही,
शिवलं की यंत्र उसळून माणसावर येतं.
उजवीकडून डावीकडे न्यायचं,
डावीकडच्या काठाला खाऊ द्यायचं.
बटाटे नेमके त्या पावभागात पडलेले.
ते त्याने शेवटी खाल्ले.

माझी डबा न्यायची वेळही तीच, बारा ते तीन.
वळसा घालून समोर यायचं,
वीस पावलांवर थांबायचं,
हात हलवायचा आणि वाट बघायची.
सूप निवायचं.
चाळीस वर्षं मी नवऱ्याला
वीस पावलांवरून पाहिलंय,
जवळून पाहिलेल्या बायकांपेक्षा
कदाचित नीटच.

गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले.
पोरं बार्सेलोनाला; फोनवर म्हणाली, माणूस लावा.
माणूस मिळेना.
मग पट्टा मी माझ्या मापाचा करून घेतला.
पहिल्या दिवशी खटका सहा वेळा ओढला.
तो बाकावर बसून मोजत होता.
इंजिन निवेपर्यंत पेट्रोल घालू दिलं नाही,
घातलं त्या जागी चालू करू दिलं नाही,
मी चिडले, यंत्र उचलून चार पावलं सरकले.

आज जाळीतून मान वर केली तर
समोर कुणीतरी उभं.
बारीक बारीक चौकोनांत कापलेला म्हातारा,
एका हातात काठी, दुसऱ्यात डबा,
काठी उंच करून हलवतोय.
अंतर मी नजरेने मोजलं.
वीसच.

मी इंजिन बंद केलं.
बंद केलं तरी तबकडी फिरत राहते थोडा वेळ,
आवाज नसलेली, जास्त खोटी.
ती थांबेपर्यंत मी हललेही नाही.
तोही नाही.
मग त्याने झाकण उघडलं
आणि वाफेतून विचारलं,
"तार सापडली का गं?"