डावऱ्याची तासणी

माझी तासणी म्हणतो मी,
पण तिचा दांडा माझा नव्हता.

धाकू मेस्त्री डावरा.
तीस-बत्तीस वर्षं आचऱ्याच्या खाडीवर
त्याने होड्यांचे वाक तासले,
तेव्हा कुठे चिंचेच्या त्या लाकडात
एक खळगा पडला
डाव्या अंगठ्याएवढा.
लोखंड कणकवलीच्या लोहाराचं,
लॉरीच्या तुटक्या पाट्यातून काढलेलं.
लॉरी कुठल्या घाटात तुटली, धाकूला ठाऊक नव्हतं.
बाकी सगळं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी मी ती उजव्या हातात धरली.
तिने सरळ माझ्या नडगीचा अंदाज घेतला.
धाकूने विडी वाळूत खुपसली.
"दांडो बदलूचो नाय," म्हणाला, "हात बदल."

मग वर्षभर
डाव्या हाताने नारळ सोलले,
डाव्या हाताने रहाट ओढला,
दाढी करताना दोनदा गाल कापला.
आई म्हणायची, जेवताना तरी उजवा वापर,
देव बघतो.
देव बघत असेल.
धाकू तर बघायचाच.

कुऱ्हाड पुढे जाते.
तासणी आपल्याकडे येते,
प्रत्येक घाव आपल्याच पायांच्या दिशेने,
आणि कुठे थांबायचं
हे मनगटाला कळेपर्यंत
पायांनी भीत राहायचं असतं.
फणस पिवळ्या ढलप्या टाकतो, मऊ,
पोरं त्या खिशात भरून न्यायची.
ऐन हट्टी. ओला असला की आंबूस वास,
सुकला की घाव परत करतो.
उंडीचं लाकूड मला कधीच नीट समजलं नाही.

एकदा जुवाटकराच्या होडीची फळी बसवताना
ती हातातून निसटली, खाडीत गेली.
भरती होती.
धाकू काही बोलला नाही,
दुसरी तासणी घेऊन काम करत राहिला,
ते जास्त लागलं.
ओहोटीला मी चिखलात उतरलो, गुडघाभर,
पायांनी चाचपत.
कालवांची कवचं, एक बाटली, कुणाच्या तरी नांगराचा तुकडा.
सूर्य कांदळात गेला तेव्हा
ती मला सापडली, म्हणजे
माझ्या टाचेला ती सापडली.
सहा टाके.
डॉक्टर विचारत होते, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं,
मी विचारत होतो, धार गेली का बघा.

धाकू गेला त्याला अकरा वर्षं झाली.
बंदरावर आता फायबरच्या होड्या,
त्यांना काय तासणार.
तरी जुन्या होडीची एखादी फळी येते,
एखाद्या देवळाचा खांब,
मागच्या महिन्यात तर मुंबईहून एकाने
जेवणाच्या टेबलाला मुद्दाम
घाव दिसतील असे पाय मागितले.
दिले.

यंदा मिरगाआधी दांडा चिरला.
पाण्यात भिजत घातला, पाचर बदलली,
पण चीर खळग्यापर्यंत पोचली होती.
मग चिंचेची फांदी आणली,
सावलीत सुकवली,
आणि कोयता, पटाशी, काचेचा तुकडा घेऊन
पडवीत बसलो.
हा दांडा तर माझा.
हवा तसा करता आला असता,
उजव्याचासुद्धा.
हे लक्षात आलं तोवर
अर्धा झाला होता, डावीकडे झुकलेला.
खळगा कोरला नाही.
तो पडेल तेव्हा पडेल.

पहिल्याच वाकाला ती नीट चालली.
फक्त अंगठा
अजून जुन्या जागी जातो,
तिथे काही नाही.

जुना दांडा बायकोने
न्हाणीच्या चुलीत घातला होता.
मला उशिरा कळलं.
पाणी चांगलं तापलं होतं.
मी एक तांब्या डाव्या हाताने घेतला,
मग दुसरा.
ती बाहेरून विचारत होती,
"आज इतको वेळ?"