तेविसावा

कुओपिओ. अग्निशमन दलाचा जुना हॉल, सकाळचे आठ,
बाहेर उणे अकरा.
बारा टेबलं, थर्माकोलच्या टेकड्या,
एकीचा हिरवा रंग अजून बोटाला लागतो.

तेवीस जण आले.
योर्माची गाडी सुरूच झाली नाही.

म्हणून तर माझं सैन्य कायम डिकीत:
चाळीस शिपाई, निम्म्यांना अजून डोळे रंगवायचेत,
सेनापतीचा भाला तीनदा चिकटवलेला.
कुणी एकटा उरला की समोर मी बसतो.
माझी जीत कुणी धरत नाही,
हार मात्र समोरच्याच्या नावावर चढते.

आज समोर वेर्नेरी. वय चौदा, पहिलीच स्पर्धा.
फासे मुठीत इतका वेळ घोळवतो
की ते घामेजून पडतात.
"मोजू?"
मोज बाबा. देशभर सेंटीमीटर, इथे मात्र इंच.
साडेसहा. त्याला हवेत सहा.

तेवढ्यात सातव्या टेबलावरून हाक.
गेलो, नियमपुस्तक उघडलं,
ओळीवर बोट ठेवून दोघांनाही नाराज केलं,
परत आलो.

माझा सेनापती जरा पुढे सरकल्यासारखा वाटला.
वेर्नेरी खिडकीबाहेर बघत होता,
कान लालबुंद.

टेप माझ्या खिशातच होती.

"टाक फासे," म्हटलं.