हजेरी

पुस्तकात अडीच ओळी आहेत.
परीक्षेला एक गुण : रिकाम्या जागा भरा.
म्हणून मी खारकर आळीच्या कोपऱ्यावर झेरॉक्स काढली,
चाळीस पानं, दोन्ही बाजूंनी,
शब्दकोश घेऊन मेमध्ये केलेलं माझंच भाषांतर.
झेरॉक्सवाला म्हणाला, बाई, शाई फिकी येतेय, चालेल?
म्हटलं, चालेल. मूळ पेन्सिलीनंच लिहिलंय.

नववी ब. दुपारचं सत्र. पंखा एकच, तोही मुलींकडे.
फळ्यावर नाव लिहिलं : रिव्का. वय तेरा.
गाव पोलंडमधलं, ते काही जिभेला वळेना,
मुलं हसली. मीही.

तेव्हा सिम्हा नवगावकर उठली, जी एरवी उठत नाही.
"बाई, आमच्याकडे रिबका म्हणतात.
माझ्या पणजीचं नाव. रिबकाबाई.
अलिबागकडे तेलाचा घाणा होता त्यांचा, शनिवारी बंद."
मागून कुणीतरी : "शनिवारीच का?"
"शब्बाथ," म्हणाली, आणि बसली.
तिची आजी टेंभी नाक्याच्या सिनेगॉगला
अजून मशीदच म्हणते,
हे तिनं नंतर जिन्यात सांगितलं.
शाहिस्ताला. मला नाही.

रिव्का फार काही लिहीत नाही.
मुलांना वाटलं होतं, बंदुका असतील.
ती लिहिते : बटाटे तीन. एक आतून काळा.
लिहिते : लेवीच्या बुटाला माझ्याएवढंच भोक, पण डाव्या.
लिहिते : आजपासून बागेतल्या बाकावर बसायचं नाही.
वेदांग घोलप म्हणाला, "म्हणजे तलावपाळीला
उभंच राहायचं?"
"तलावपाळीला जायचंच नाही."
जरा थांबून, "पण बाई, असल्या पाट्या वाचतं कोण?"
शाहिस्ता मुकादम वहीतून वर न बघता म्हणाली,
"ज्याच्यासाठी असते तो वाचतो."
यावर मला काहीतरी बोलायचं होतं.
मी खडू बदलला. पहिला चांगला होता.

आणि रोज, तारखेच्या खाली, एक आकडा :
वर्गात एकतीस.
वर्गात एकतीस.
वर्गात अठ्ठावीस.
कारण नसतं. एकदाच लिहिलंय :
यान्केल आणि त्याची बहीण.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
वर्गात एकोणीस.
वर्गात अकरा. सर नवीन.

"बाई, पुढचं पान?"
"झेरॉक्सवाल्याकडे राहिलं असेल रे."
नाही म्हणायला मी वेळ लावला.
मग घंटा झाली. पुढचा तास गणिताचा, घातांक.

सोमवारी हजेरी. माझी सवय :
मान खाली, नुसते क्रमांक.
सतरा. हजर. अठरा. हजर.
एकोणीस.
एकोणीस.
चौकटीत गै लिहिला, पुढे निघाले. वीस...
वेदांग उभा. "बाई, एकोणीस कुठंय?"
"आला नाही."
"ते कळलं. कुठंय?"
सत्तावीस वर्षं हजेरी घेतेय,
महिनाअखेर टक्के काढून देतेय,
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
आणि नाव सांगायला मला पटात बघावं लागलं :
ऋत्विक भंडलकर.

शाळा सुटल्यावर चौघं कळव्याला गेली.
खारेगावात घर सापडेना,
दळणवाल्याला विचारलं, मग एका पोस्टमनला,
घराला कुलूप. शेजारणीनं हॉस्पिटल सांगितलं.
शाहिस्ता घरी उशिरा पोचली म्हणून
तिच्या अब्बांचा मला फोन आला, रागानं सुरू झाला,
आणि संपताना, "पोरगा कसा आहे आता?"

मंगळवारी पट उघडला.
माझ्या गै-खाली, मुंगीएवढ्या अक्षरात,
चौकटीबाहेर, वीस नंबरच्या घरात घुसून, पेन्सिलीनं :
डेंग्यू. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.
प्लेटलेट वाढतायत. पेरू मागितलाय.

पटात कुणी काही लिहायचं नाही, नियम आहे.
तपासणी गुरुवारी.
मी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं,
ठेवून दिलं,
आणि शाईच्या पेनानं ती अक्षरं गिरवली,
सावकाश, पेरूपर्यंत.